पठ्ठा कोणाच्या दारात जातो?

सीमाभागातल्या कुस्तीची प्रकृती मैदानातल्या इनामांवरून कळत नाही. दहा-बारा वर्षांचा चुणचुणीत पोरगा घर सोडतो तेव्हा कुणाच्या दारात जातो, हे पाहावं लागतं. बेळगाव-निपाणी पट्ट्यात त्याच्यापुढे आज मुख्यतः तीन दारं आहेत: कोल्हापूरची तालीम, कर्नाटक सरकारचं क्रीडा वसतिगृह आणि बेळगावातल्या मराठा लाइट इन्फंट्रीची बॉईज स्पोर्ट्स कंपनी.

कोल्हापूरची ओढ सर्वांत जुनी. शाहू महाराजांच्या आश्रयाने तालमी वाढल्या, १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट लांब. चिक्कोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे याच वाटेने शाहूपुरी तालमीत गेले. १९५६ साली बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि तीनच वर्षांनी, १९५९ साली, एकसंब्याचा हा मल्ल दिल्लीत बंतासिंगला हरवून पहिला हिंदकेसरी झाला.

पण तालीम पोरगा शोधायला गावात येत नाही. बापाने त्याला आणून वस्तादांच्या हवाली करायचं आणि दूध, तूप, बदामाचा खर्च महिन्याच्या महिन्याला सोसायचा. दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याला तो किती वर्षं झेपणार? कितीतरी चांगली पोरं खुराकापायी अर्ध्यातून परततात, आणि त्यांची नोंद कुठेच राहत नाही. शिवाय लाल मातीत मुरलेल्या मल्लाला वजनी गटातल्या मॅटवरच्या कुस्तीसाठी पुन्हा नव्याने घडावं लागतं.

बॉईज स्पोर्ट्स कंपनी तालमीच्या नेमकी उलट वागते. लहान वयातच चाचणी घेऊन मुलं निवडते. जेवण, शाळा, मॅट आणि प्रशिक्षक देते. पुढे सैन्यात जाण्याची वाट खुली ठेवते. निवडीच्या बळावर क्रम लावायचा तर मी कंपनीला पहिली ठेवीन. कोल्हापूर दुसरं, कारण चाचणीत न बसणाऱ्या, उशिरा उमलणाऱ्या पोराला अजूनही वस्तादच पदरात घेतात. वसतिगृहं तिसरी, मुलींच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटतो. परंपरेने तालमींची दारं त्यांना बंद राहिली, तेव्हा हल्याळसारख्या ठिकाणच्या वसतिगृहांतून मुली मॅटवर आल्या. महाराष्ट्रात महिला महाराष्ट्र केसरी सुरू व्हायला २०२३ साल उजाडावं लागलं.

आणखी एक अडचण खास आपल्या सीमाभागाची आहे. महाराष्ट्र केसरीला जिल्ह्यांचे संघ उतरतात; त्यात बेळगाव नाही. कोल्हापुरात घाम गाळलेल्या निपाणीच्या पोराला राज्य निवडीसाठी कर्नाटकातच उतरावं लागतं, आणि तिथल्या निवड समितीला तो परका वाटण्याची भीती असते.

म्हणून कुस्तीची मैदानं भरवणाऱ्या जत्रा कमिट्यांना एकच विनंती आहे. मोठ्या जोडीच्या इनामातला थोडा भाग बाजूला काढा आणि गावातल्या दोन मुलांचा व एका मुलीचा वर्षभराचा खुराक उचला.