‘ढ’चा शेरा
हरलेल्या संघाला ‘मनाने दुबळा’ म्हणून मोकळे होणे फार सोपे असते. जर्मनीच्या बायर लेव्हरकुसेन या फुटबॉल संघाचेच पाहा. २००० साली शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी पुरत असता तो उंटरहाखिंगकडून हरला आणि अजिंक्यपद गेले. २००२ साली तीन सामने उरले असताना पाच गुणांची आघाडी होती, तीही निसटली. पाठोपाठ जर्मन चषक आणि चॅम्पियन्स लीग यांच्या अंतिम सामन्यांतही हार झाली. लोकांनी लेव्हरकुसेनचे ‘नेव्हरकुसेन’ केले. पण तिन्ही ठिकाणी शेवटच्या पायरीवर पोचलेला संघ दुबळा कसा? वर्गात एकदा ‘ढ’ ठरलेला मुलगा येत असलेले उत्तरही चाचरतच देतो, हे आम्ही मास्तर नेहमी पाहतो. २०२४ साली शाबी अलोन्सोच्या हाताखाली हाच संघ लीगच्या ३४ सामन्यांत एकदाही न हरता प्रथमच अजिंक्य ठरला. त्यातला फ्लोरियान विर्ट्झ २००३ साली जन्मलेला. ते टोपणनाव त्याच्या कानांवर आले असेल. पण ते पराभव त्याचे नव्हते. शेरा लिहिताना समीक्षकांनी, आणि आम्हा मास्तरांनीही, एवढे ध्यानात ठेवावे.