शिकारकथेतले सोबती

आमच्या जुन्या घराच्या ओटीवर एका फळीवर ठोकलेली सांबराची शिंगे होती. माझे काका तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, आलापल्लीला, एका लाकूड व्यापाऱ्याकडे मुनीम होते. १९६३ च्या हिवाळ्यात रीतसर परवाना काढून ते आपल्या थोरल्या मुलाला सांबराच्या शिकारीला घेऊन गेले. सुट्टीत गावी आले की ती हकिकत ते आम्हां मुलांना सांगत. पहाटेचा गारठा, पायाखाली वाजणारा सागाचा पाचोळा, नाल्यापलीकडे मान वर करून उभा असलेला नर, खांद्याला लावलेली बंदूक आणि एकच बार. सांबर आडवे होई आणि गोष्ट संपे.

काका गेल्यावर काही वर्षांनी तीच हकिकत मी दादाकडून ऐकली. शिकारीच्या वेळी तो १४ वर्षांचा होता. त्याच्या सांगण्याप्रमाणे सांबर एका बाराने पडलेच नव्हते. जखमी होऊन ते बांबूच्या बेटात शिरले आणि दुपार टळेपर्यंत रक्ताच्या थेंबांवरून त्याचा माग काढावा लागला. माग काढणारा गोंड वाटाड्या पुढे चालत होता. त्याच्याबरोबर दादाच्याच वयाचा त्याचा मुलगा होता. काकांच्या गोष्टीत बापलेकांची एकच जोडी होती. दादाच्या गोष्टीत दोन होत्या. शिंगे आमच्या घरी आली, मांसाचे वाटे वाटाड्याच्या टोल्यावर गेले. “त्या पोराचं नाव मी विचारलंच नाही रे,” दादा म्हणाला.

या दोन हकिकतींमुळे शिकारकथा या वाङ्मयप्रकाराकडे मी पुन्हा वळलो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांवर बरेच लेखन झाले आहे. त्याचे मूल्यमापन करताना आपण सहसा निसर्गवर्णन, थरार आणि प्राण्यांविषयीची माहिती पाहतो. मला आणखी एक कसोटी सुचवाविशी वाटते. शिकाऱ्याबरोबर रानात जितकी माणसे गेली, त्यांपैकी किती जण कथेत शिल्लक राहतात? आणि शिकार कुणाच्या भुकेसाठी झाली, हे कथा सांगते काय?

इंग्रजी अमदानीतील शिकारवाङ्मयाला ही कसोटी लावली तर हाती संमिश्र चित्र येते. जेम्स फोर्सिथ यांचे मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील पुस्तक १८७१ मध्ये निघाले. ते नुसते शिकारीचे नाही. रान, हवामान, शेती आणि आदिवासी जीवन या सर्वांची दखल त्यात आहे. डनबार ब्रँडर हे मध्य प्रांताच्या वनखात्यातील अधिकारी. त्यांचे मध्य भारतातील वन्य प्राण्यांवरील पुस्तक १९२३ चे. त्यात नेम धरणाऱ्या डोळ्यापेक्षा निरखणारा डोळा अधिक जागा असल्याने अभ्यासक आजही त्याचा आधार घेतात. हे गुण मान्य केलेच पाहिजेत. तथापि या परंपरेच्या मागे एक मोजपट्टीही होती. इंग्लंडमध्ये १८९२ पासून रोलंड वॉर्ड यांची मोठ्या शिकारीच्या नोंदींची पुस्तके निघू लागली. शिंग वक्राच्या बाजूने किती इंच भरले, यावर शिकाऱ्याचा मान ठरू लागला. ज्या वाङ्मयात शिंगाची लांबी अर्ध्या इंचापर्यंत नोंदली जाते, त्यात हाकाऱ्यांची बहुधा नुसती संख्या येते. काकांनी ही पुस्तके वाचलेली नव्हती, पण गोष्ट सांगण्याची रीत त्यांनी तिथूनच उचलली होती. रीत अशीच पसरते. ग्रंथ न वाचणाऱ्यांपर्यंतही ती पोहोचते.

याच भूमीत अगदी वेगळ्या रीतीची एक कथा आहे. ताडोबा हे नाव ज्याच्यावरून पडले, असे लोक मानतात, तो तारू हा गोंडांचा गावप्रमुख. वाघाशी झालेल्या झुंजीत तो मारला गेला. तळ्याकाठी त्याचे देवस्थान आहे आणि पौष महिन्यात तिथे आदिवासींची जत्रा भरत आली आहे. समीक्षकाच्या नजरेने पाहिले तर ही शिकारकथेची उलटी बाजू आहे. येथे लोकस्मृतीने मरण पावलेल्या माणसाला देवपण दिले, आणि वाघाला खलनायक ठरवले नाही. पुढे १९३५ मध्ये ताडोबात शिकारीला बंदी झाली आणि १९५५ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. महाराष्ट्रातील ते पहिले राष्ट्रीय उद्यान. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तर परवान्याच्या शिकारीचे युगच संपत आले.

मराठी लेखकांनी बंदूक खाली ठेवली ती मात्र कायद्याच्या धाकाने नव्हे. व्यंकटेश माडगूळकर एके काळी स्वतः बंदूक घेऊन हिंडलेले. ‘नागझिरा’त ते वही आणि रेखाटनाची पेन्सिल घेऊन रानात राहतात. शिकाऱ्याचे सर्व गुण तेथे कायम आहेत: दबा धरण्याची चिकाटी, वाऱ्याची दिशा ओळखणे, पावलांच्या ठशांवरून जनावराची चाल ताडणे. गेला आहे तो फक्त बार. या पुस्तकाने मराठी वाचकाला रानात गप्प बसायला शिकवले, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

मारुती चितमपल्ली यांचे ऋण याहून मोठे आहे. १९९० पर्यंत वनखात्यात नोकरी केलेल्या आणि १८ जून २०२५ रोजी दिवंगत झालेल्या या लेखकाला रानाची पहिली ओळख घरच्यांनी करून दिली. आईने आणि लिंबामामाने. मामाभाच्याच्या या नात्याकडे समीक्षकांनी अधिक लक्ष द्यायला हवे होते. वडीलधाऱ्याचे बोट धरून रानात गेलेला मुलगा पुढे आदिवासींकडून शब्द गोळा करतो आणि मराठीला ‘काकागार’, ‘सारंगागार’ असे नवे शब्द बहाल करतो. कावळ्यांच्या आणि बगळ्यांच्या वसतिस्थानाला नाव मिळते. ज्याने नाव शिकवले त्याचेही ऋण मानले जाते.

येथे मला एक आक्षेपही नोंदवावासा वाटतो. आपल्या अरण्यवाङ्मयातून बंदूक गेली, त्याबरोबर भूकही गेली. रान हे शांतीचे, सौंदर्याचे, गूढतेचे स्थान झाले. त्या रानात राहणारा माणूस ज्ञानी, मुक्या जिवांची भाषा जाणणारा असा रंगवला जाऊ लागला. त्याच्या चुलीवर काय शिजते, हे विचारायचे राहून गेले. दादाच्या हकिकतीतील मुलगा मांसाचा वाटा पाहून हरखला होता. तो हर्ष आपल्या सुंदर अरण्यवर्णनांत क्वचितच मावतो.

म्हणून डॉ. प्रकाश आमटे यांच्या ‘रानमित्र’ या पुस्तकाचे मोल मला विशेष वाटते. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे १९७३ च्या डिसेंबरात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेथील सुरुवातीच्या काळातील प्रसंग आहे. शिकार करून परतणारे माडिया लोक वाटेत भेटतात. मारलेल्या माकडिणीच्या छातीला तिचे जिवंत पिलू बिलगलेले आहे आणि ते दूध पिऊ पाहते आहे. याचे काय करणार, असे विचारल्यावर खाणार, असे सरळ उत्तर मिळते. डॉक्टर तांदळाच्या बदल्यात ते पिलू मागून घेतात. तीच बबली, हेमलकशाच्या प्राणी-अनाथालयातील पहिले लेकरू.

सामान्य वाचकाचे डोळे या प्रसंगात पिलावर खिळतात, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु प्रसंगाचा खरा गाभा मला तांदळात दिसतो. लेखक शिकाऱ्यांना दोष देत नाही, त्यांच्यापुढे दयेचे व्याख्यानही देत नाही. ही शिकार हौसेची नाही, हे त्याला कळले आहे. माकडाचे मांस नको म्हणायचे असेल तर त्या जागी दुसरे अन्न ठेवले पाहिजे, इतका साधा हिशोब तो मांडतो. आई गमावलेले पिलू आणि घरी वाट पाहणारी माणसांची पिले, दोन्ही कुटुंबे त्या एका देवघेवीत सामावली जातात. पुस्तकाची भाषा अनलंकृत आहे; क्वचित ती कोरडी वाटेल. हा दोष मानायला मी तयार नाही. येथे अलंकार आले असते तर तांदूळ दिसला नसता.

हेमलकशाच्याच विलास मनोहर यांचे ‘नेगल’ या पुस्तकासोबत वाचावे, आणि त्यानंतर त्यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरीही. पहिल्यात प्राण्यांचा सहवास आहे. दुसरीत त्याच रानातील माडिया माणसावर काय गुदरते ते आहे. एकाच लेखकाने दोन्ही लिहावी, ही गोष्ट बोलकी आहे. ‘नेगल’ वाचून हळवा झालेला वाचक कादंबरीपाशी अस्वस्थ होतो, आणि तसे व्हायलाच हवे.

पित्याच्या आवडीचे मांस आणायला रानात गेलेला एसाव आपणा सर्वांना परिचित आहे. त्या कथेत प्रत्यक्ष शिकारीला जेमतेम एखादे वाक्य मिळाले आहे. त्याच्या पाठीमागे घरात काय घडले, कोणाच्या वाट्याला काय आले, हे मात्र सविस्तर सांगितले आहे. चांगल्या शिकारकथेचे मर्म त्या प्राचीन निवेदकाला उमगले होते.

काकांना मी खोटारडे म्हणणार नाही. ज्या साच्यात गोष्ट सांगायची असते, असे त्यांना वाटले, त्या साच्यात त्यांनी ती सांगितली. जे साच्यात बसले नाही ते गळाले. घरोघरी अशा गोष्टी आहेत. शिकारीच्या नसतील तर नोकरीच्या, बांधलेल्या घराच्या, फेडलेल्या कर्जाच्या असतील. त्या मुलांना सांगताना आपल्यापुढे कोण चालत होते, हे आठवून पाहावे.

पुढे ओटीवरची फळी वाळवीने खाल्ली आणि शिंगे उतरवली गेली. गोष्ट मात्र अजून सांगितली जाते. नातवंडे भोवती जमली की दादा आता बंदुकीपासून सुरुवात करीत नाही. “आम्ही दोन पोरं होतो,” असे तो म्हणतो, आणि मग पुढचे सांगू लागतो.