मूकपटातील सुलोचना : सौंदर्यस्तुतीच्या मर्यादा

मूकपटातील अभिनेत्रींविषयीचे लेखन बहुधा त्यांच्या रूपाच्या प्रशंसेपाशी थांबते. पुण्यात १९०७ मध्ये ज्यू कुटुंबात जन्मलेल्या सुलोचना (मूळ नाव रूबी मायर्स) यांच्याबाबतीतही हेच घडले आहे.

भारतीय मूकपटांपैकी बहुसंख्य नष्ट झाले. छायाचित्रे मात्र उरली. परिणामी समीक्षेच्या हाती अभिनय न लागता केवळ चेहरा लागतो. वस्तुतः टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सोडून चित्रपटात आलेल्या या अभिनेत्रीने 'टायपिस्ट गर्ल' (१९२६) या मूकपटात नायिका साकारली. 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'मध्ये (१९२७) तर तिने आठ भूमिका केल्या; त्यांत माळी आणि पोलीसही होते. केवळ सौंदर्यावर विसंबणाऱ्या नटीला अशा पुरुषवेषांची गरज भासली नसती. बोलपट आल्यावर हिंदुस्थानी भाषेचे अपुरे ज्ञान आड आले. तेव्हा ती भाषा शिकून 'माधुरी' (१९३२) या बोलपटाद्वारे तिने पुनरागमन केले.

सारांश, सुलोचनांना १९७३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार लाभला, तरी त्यांच्या अभिनयाची मीमांसा उपेक्षितच राहिली. चित्रफिती काळाने नेल्या. त्यांमागील परिश्रमांचे विस्मरण हा मात्र समीक्षेचा दोष ठरतो.