‘बारा दिवसांत इंडोनेशिया’: या लेखांमध्ये समुद्र कुठे आहे?

मागच्या आठवड्यात एका मित्राने त्याच्या स्कूबा ट्रिपचा प्लॅन पाठवला. सोबत एक ओळ: ‘तुझ्या विषयातलं आहे, जरा नजर टाक.’ ऑगस्टमधले १२ दिवस आणि त्यात बाली, कोमोडो, बुनाकेन, राजा अम्पात असं सगळं. चौथ्या दिवशी सकाळी नुसा पेनिडाला दोन डाइव्ह, संध्याकाळी लाबुआन बाजोचं विमान. हे वाचल्यावर मेसेज न करता मी सरळ फोनच लावला.

कारण सांगतो. पाण्याखाली दाब वाढतो, तसा श्वासातला नायट्रोजन शरीरात जास्त विरघळतो. वर आल्यावर तो बाहेर पडायला तास न् तास लागतात. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण दोन-अडीच हजार मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढाच असतो. म्हणजे नायट्रोजन अंगात असतानाच तुम्ही दाब आणखी कमी करता आणि त्याचे बुडबुडे होण्याचा धोका वाढवता. म्हणून एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये, असा सल्ला दिला जातो.

मित्र म्हणाला, ‘अरे, पण हे मी एका लेखातूनच घेतलंय.’

मग शनिवार-रविवार बसून मी असे वीसेक लेख वाचले. आजची पोस्ट त्यांच्याबद्दल आहे. कुणा एकाचं नाव घेत नाही, कारण चूक एकाची नाही. हा एक लेखनप्रकारच तयार झाला आहे आणि त्याची म्हणून एक नजर आहे.

आधी त्यांचं श्रेय त्यांना देऊ. व्हिसा, अंतर्गत विमानांचं सामानाचं वजन, कुठे बोटीवरच राहायचं आणि कुठे किनाऱ्यावर, परमिटची फी कुठे भरायची, हे सगळं ते नीट सांगतात. ज्याने फक्त मालवणला एकदा प्रशिक्षकाचा हात धरून डुबकी मारली आहे, त्याला हे लेख धीर देतात. ही छोटी गोष्ट नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या लेखांमध्ये विमानं हलतात, बोटी हलतात, फक्त समुद्र जागचा हलत नाही. आणि इंडोनेशियात तर सगळी गोष्ट हलणाऱ्या पाण्याचीच आहे.

‘सीझन’

जवळपास प्रत्येक लेखात लिहिलेलं असतं: एप्रिल ते नोव्हेंबर कोरडा हंगाम, तोच उत्तम. कोरडा कोण? आभाळ. तुम्ही तर पाण्यात जाणार आहात.

पॅसिफिकच्या बाजूची समुद्रपातळी हिंदी महासागराच्या बाजूपेक्षा थोडी उंच असते. त्यामुळे पाणी इंडोनेशियाच्या बेटांमधल्या सामुद्रधुन्यांतून सतत आपल्या महासागराकडे वाहत असतं. किती? सेकंदाला सरासरी दीड कोटी घनमीटरच्या आसपास. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात जेवढं पाणी ओततात, त्याच्या दहापटीहून जास्त. लोम्बोकची सामुद्रधुनी हा त्यातला एक दरवाजा आणि नुसा पेनिडा त्या दरवाजाच्या तोंडाशीच बसलेलं आहे. जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत हा प्रवाह जोरात असतो. म्हणजे नेमका ‘उत्तम सीझन’मध्ये.

याच महिन्यांत आग्नेयेकडून वारे वाहतात. दक्षिण गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं पाणी त्याच्या डावीकडे वळतं. जावा-बालीच्या दक्षिण किनाऱ्यावर याचा अर्थ असा, की वरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर जातं आणि खालचं गार पाणी त्याची जागा घेतं. ऑगस्टमध्ये कोमोडोच्या उत्तरेला २७-२८ अंशांचं पाणी मिळेल. त्याच राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिण टोकाला हिरवट, २२-२४ अंशांचं. उद्यान एक, महिना एक, पण समुद्र दोन. आणि राजा अम्पातला त्या दिवसांत वाऱ्यामुळे पाणी खवळलेलं असतं. तिथला मोसम ऑक्टोबर ते एप्रिल. चार जागांना मिळून एकच ‘सीझन’ लिहिणं म्हणजे कोकण आणि मराठवाड्याला एकच हवामान लावण्यासारखं आहे.

‘व्हिजिबिलिटी’

दुसरा लाडका आकडा: ३०-४० मीटरपर्यंत स्वच्छ दिसतं. आणि त्याच वाक्यात मांटा रे बघायला मिळतील असं आश्वासन. आता गंमत बघा. मांटा खातो प्लवक. ते गार पाण्याबरोबर वर आलेल्या पोषक द्रव्यांवर वाढतं आणि ते वाढलं की पाणी गढूळ दिसतं. ज्या पाण्यात जेवण आहे तिथे मांटा येणार. निळ्याशार, रिकाम्या पाण्यात त्याने कशासाठी यायचं? जुलै ते ऑक्टोबरमध्ये पेनिडाला दिसणारा तो अवाढव्य मोला मासाही त्या गार पाण्याबरोबरच वर येतो. लेख या गढूळपणाला ‘कधीकधी येणारी अडचण’ म्हणतात. माझ्या मते तीच तिथली मेजवानी आहे. हे आधी कळलं, तर दहा मीटरच्या धूसर पाण्यात तुम्ही पैसे वाया गेले म्हणून खट्टू होणार नाही.

‘वॉल’

बुनाकेनच्या वर्णनात शेकडो मीटर खोल जाणारी वॉल हटकून येते. वाचताना छाती दडपते आणि लेखकाला तेच हवं असतं. पण या आकड्याचा डायव्हरला उपयोग काय? मौजेच्या डायव्हिंगची कमाल मर्यादा ४० मीटर. नुकता कोर्स झालेल्याची १८. माझ्या मित्राच्या लॉगबुकात ११ डाइव्ह आहेत. उतरत्या रीफवर खाली वाळू दिसते, आपण किती खोल आलो याचा डोळ्यांना अंदाज राहतो. वॉलवर खाली फक्त निळं असतं. समोरचा मासा बघता बघता माणूस कधी खाली सरकला हे त्याला कळत नाही. ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट, म्हणजे टाकीतली हवाही चौपट वेगाने संपते. त्यात वॉलला आपटून प्रवाह खाली वळला, तर तो डायव्हरलाही घेऊन जातो. वीस लेखांपैकी या खालच्या ओढीबद्दल नीट लिहिणारे मला दोनच सापडले.

शिवाय वॉलचं सौंदर्य खोलीत आहे हा समजही तपासायला हवा. रीफ बांधणाऱ्या प्रवाळांच्या शरीरात शैवाल राहतं आणि त्याला ऊन लागतं. त्यामुळे त्यांची सगळ्यात दाट वस्ती वरच्या दहा-पंधरा मीटरमध्ये असते. खाली पंखे, स्पंज, चाबकासारखी प्रवाळं आहेत, सुंदरच आहेत. पण बांधकाम वर चालतं.

आणि त्या वरच्या सपाटीवर काय झालं, तेही ऐका. २०१५-१६च्या एल निन्योमध्ये त्या भागातली समुद्रपातळी काही सेंटिमीटरने खाली गेली. बुनाकेनच्या उथळ सपाटीवरची प्रवाळं ओहोटीला नेहमीपेक्षा जास्त उघडी पडली आणि मोठ्या प्रमाणात मेली. तापलेल्या पाण्याने प्रवाळं पांढरी पडतात हे आपण ऐकून असतो; इथे पाणी कमी पडलं. संशोधकांनी हे २०१७मध्ये प्रसिद्ध केलं. वॉलचे फोटो त्या वर्षीही देखणेच आले असतील. भिंत शाबूत आणि छपराला मार, असा तो प्रकार होता.

‘अनटच्ड’

सगळ्यात जास्त वापरला जाणारा आणि सगळ्यात खोटा शब्द. याचं मूळ जुनं आहे. आल्फ्रेड रसेल वॉलेस डिसेंबर १८५७मध्ये अम्बोनला पोचला. तिथल्या बंदरातल्या पाण्याखालच्या बागेचं वर्णन त्याने १८६९च्या ‘द मलय आर्चिपेलॅगो’मध्ये केलं आहे. ते पान अप्रतिम आहे, वादच नाही. पण वॉलेस पाण्यात उतरला नव्हता. त्याने सगळं वरून पाहिलं. आजचे लेख त्याचीच नजर उसनी घेतात: काठावर उभं राहून थक्क व्हायचं. आज त्याच अम्बोनच्या उपसागरात डायव्हर जातात ते गाळात लपलेले चित्रविचित्र जीव शोधायला. २००९मध्ये नोंदवली गेलेली, अंगभर पट्ट्यापट्ट्यांची एक फ्रॉगफिश तिथलीच. जागा संपलेली नाही, बदलली आहे. आणि हा बदल बघायला मिळणं, हेच तर तिथे जाण्याचं चांगलं कारण आहे.

कोमोडोतही मासेमारीसाठी बॉम्ब फोडले गेले. फुटलेल्या प्रवाळांचा चुरा प्रवाहाबरोबर गडगडत राहतो. त्यावर बसलेली नवी पिल्लं घासली जातात, गाडली जातात, म्हणून असे पट्टे वर्षानुवर्षं उजाड राहतात. संशोधकांनी त्यावर दगडांचे ढीग रचले, तेव्हा त्या स्थिर दगडांवर प्रवाळं वाढली. तुमचा गाइड असा एखादा पट्टा ओलांडून तुम्हाला पुढच्या रंगीत खडकाकडे नेईल. लेखाने ‘अनटच्ड’ सांगून ठेवलं असेल, तर त्या चुऱ्याकडे तुम्ही बघणारही नाही.

तर मग प्लॅन कसा वाचायचा? जागेच्या नावापुढे तीन गोष्टी लिहिलेल्या आहेत का ते बघा: त्या महिन्यात पाणी कुठून कुठे वाहतं, त्या जागेसाठी किती डाइव्हचा अनुभव हवा, आणि गेल्या दहा वर्षांत तिथे काय झालं. तिन्ही नसतील, तर तुमच्या हातात आहे ते विमानांचं वेळापत्रक.

मित्राचा प्लॅन आम्ही दोघांनी बसून पुन्हा लिहिला. राजा अम्पात वाऱ्यामुळे गळालं, बुनाकेन अंतरामुळे. सुरुवातीचे दिवस बालीच्या ईशान्येला, तुलाम्बेनला. तिथे १९४२मध्ये पाणतीराने जायबंदी झालेलं आणि १९६३च्या आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात किनाऱ्यावरून पाण्यात ढकललं गेलेलं लिबर्टी जहाज आहे. छोटी वॉलही आहे, सरावाला बरी. मग एक पूर्ण कोरडा दिवस, त्यानंतर कोमोडोचा उत्तर भाग, आणि परतीच्या विमानाआधी पुन्हा एक कोरडा दिवस.

पेनिडाचा मोला पुढच्या वेळी. त्यावर तो जरा नाराज आहे. मी त्याला म्हटलं, आधी पन्नास डाइव्ह कर, मग मीही येतो.