जुन्या गिटारीचे मोल

‘जुने ते सोने’ ही म्हण आपण इतक्या सहज उच्चारतो की ती एकदा घासून पाहावी असे कुणालाच वाटत नाही. वाद्यांच्या बाबतीत तर ती वेदवाक्यच. घरात आजोबांचा तंबोरा असला की तो सुरेलच असणार, हे आपण गृहीत धरून चालतो. युरोपात याच श्रद्धेला लिलावातल्या बोलींचे पाठबळ आहे. क्लासिकल गिटारीच्या निमित्ताने ही श्रद्धा तपासून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू.

गिटार म्हटले की आपल्याकडे सिनेसंगीत आठवते. फार तर ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (१९६७) या ध्वनिमुद्रिकेतली पं. ब्रिजभूषण काब्रा यांची, मांडीवर आडवी घेऊन वाजवलेली गिटार. क्लासिकल गिटार त्याहून वेगळी. ती स्पेनची. सहा तारा, हाताची बोटे व नखे एवढीच तिची सामग्री. विजेची जोड नाही. तिचे आजचे रूप ठरवले ते आंतोनियो द तोर्रेस (१८१७–१८९२) या कारागिराने. मूळचा हा सुतार. त्याने गिटारीचे पोट मोठे केले, वरची फळी (तंबोऱ्याच्या भाषेत तबली) पातळ ठेवली आणि तिला आतून पंख्यासारख्या पसरलेल्या पट्ट्यांचा आधार दिला. आवाज तबलीत असतो, हे त्याचे म्हणणे. ते सिद्ध करण्यासाठी १८६२ साली त्याने पाठ व बाजू चक्क पुठ्ठ्याच्या असलेली गिटार बनवली. ती आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. ज्या शिसवी लाकडाचे कौतुक करताना गिटारवेडे थकत नाहीत, त्याचे मोल या सुताराने दीडशे वर्षांपूर्वीच नेमके जोखले होते. (तो शिसव आपल्याला परका नाही. ब्राझीलच्या शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ साली बंदी आली. त्याच्या आधीपासूनच परदेशी कारागीर भारतीय शिसव वापरू लागले होते. सह्याद्रीच्या रानात वाढणारे हेच ते झाड.)

आता वादकांकडे वळू. फ्रान्सिस्को तार्रेगा (१८५२–१९०९) तरुणपणी तोर्रेसकडे गिटार घ्यायला गेला. तोर्रेसने आधी एक साधी गिटार पुढे केली. पण मुलाचे वादन ऐकल्यावर आतून स्वतःसाठी राखून ठेवलेली १८६४ सालची काढून दिली, असे सांगतात. आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) याची कथाही याच वळणाची. माद्रिदमधल्या कार्यक्रमासाठी भाड्याने गिटार मागायला तो मानुएल रामिरेसच्या दुकानात गेला, आणि वादन ऐकून रामिरेसने १९१२ सालची गिटार त्याला देऊनच टाकली. पुढे १९३७ साली जर्मनीच्या हेर्मान हाउझरने बनवलेली गिटार त्याने घेतली आणि ती १९६२ पर्यंत वाजवली.

या कथा भक्तिभावाने सांगितल्या जातात. पण त्यांतली एक गोष्ट सांगणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. तार्रेगाच्या हाती आली तेव्हा ती गिटार जेमतेम पाच वर्षांची होती. रामिरेसची गिटार सेगोव्हियाला मिळाली तेव्हा नवीच होती, हाउझरची तर कोरी करकरीत. आज ज्यांना आपण ‘पुरातन’ म्हणून नमस्कार करतो, त्या वाद्यांवरचे थोर संगीत ती नवी असतानाच घडले.

मग जुन्या नादाची जादू म्हणतात ती कोणती? सेगोव्हियाची ध्वनिमुद्रणे लक्ष देऊन ऐकावीत. १९२७ पासूनच्या एच.एम.व्ही.च्या तबकड्यांत रामिरेसची गिटार आहे आणि तिच्यावर आतड्याची तात. स्वर चटकन उमलतो आणि चटकन विझतो; वेगाच्या ताना मोती सांडावेत तशा सुट्या ऐकू येतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी जाऊ लागली, तुटवडा पडला. तेव्हा न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीनने नायलॉनच्या तारा तयार केल्या व सेगोव्हियाने त्या स्वीकारल्या. १९५० नंतरच्या डेक्काच्या मुद्रणांत हाउझर, नायलॉन आणि सुधारलेला मायक्रोफोन असे तिन्ही बदल एकत्र आले आहेत. स्वर गोल, दळदार, लांबणारा. यातले किती श्रेय लाकडाला द्यायचे? पण एक गोष्ट दोन्हीकडे तीच आहे. एखादी ओळ तो घोडीजवळ कडक छेडतो आणि तीच पुन्हा येताना हात पुढे सरकवून मऊ करतो. एका प्रश्नाला दोन माणसांनी उत्तर द्यावे तसे ते वाटते. हे वाद्यातून येत नाही, हातातून येते. त्याची लय स्वैर आहे, बाखच्या रचनांत ती कधीकधी खटकतेही. तोही दोष हाताचाच.

शास्त्रानेही याला दुजोरा दिला आहे. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिस येथे २१ व्हायोलिनवादकांना मंद प्रकाशात, डोळ्यांना गडद चष्मा लावून तीन जुनी व तीन नवी व्हायोलिने वाजवायला दिली. जुन्यांत स्त्रादिवारीही होते. बहुसंख्यांनी नवे पसंत केले. सर्वांत कमी पसंती एका स्त्रादिवारीला मिळाली.

तर मग जुनी गिटार घेऊच नये काय? जरूर घ्यावी. मी स्वतः काही वर्षांपूर्वी गोव्यातल्या एका कुटुंबाकडून अशी एक गिटार घेतली. पहिल्या तीन पडद्यांवर तारांनी खोल चरे पाडले होते, वरचे पडदे मात्र कोरे. आधीचा वादक गाण्याची साथ करणारा होता, हे कुणी न सांगता कळले. माझ्या ओळखीच्या एका संग्राहकाने बजावले, “सर, पडदे बदलू नका, किंमत उतरेल.” पण त्या चऱ्यांमुळे तारा झणझणत होत्या, एकही स्वर धड लागत नव्हता. मी पडदे बदलून घेतले.

इथे मालकी आणि वादन यांच्या वाटा फुटतात. संग्राहकाला वाद्याचे वय जपायचे असते, वादकाला त्याचा आवाज. मिरजेचे कारागीर हा पेच फार पूर्वी सोडवून बसले आहेत. तंबोरा कितीही जुना, भोपळा कितीही नामी असो. जवारी बसली की तो मुका होतो, आणि ती पुन्हा घासून काढताना वाद्य बाटले असे कुणी म्हणत नाही. गिटारीचेही तेच. पावसाळ्याच्या ओलीत घोडी उचलते, तारांच्या ताणाने दांडी वाकते, तबली खचते. घेताना दांडीवरून एक डोळा मिटून पाहावे, घोडीखाली कागद सरकतो का ते बघावे, प्रत्येक पडद्यावर स्वर वाजवून पाहावा. कुठल्या सालची, हे शेवटी विचारावे.

सेगोव्हियाच्या दोन्ही गिटारी १९८६ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. त्यांची जागा तीच. त्यांचे काम झाले आहे. आपल्या घरातल्या वाद्यांचे अजून व्हायचे आहे. या दिवाळीत साफसफाई करताना कपाटावरची गवसणी हाती आली, तर तिच्यावरची धूळ झटकून ती परत वर ठेवू नये. तारा बदलाव्यात, आणि घरातल्या एखाद्या मुलाच्या हाती ते वाद्य द्यावे. ते सोने आहे की नाही, हे मग सहा महिन्यांत कळेल.