नामाचे क्रियापद होते तेव्हा

‘मी ते गूगललं’ असे एखादा तरुण बोलून गेला, की बैठकीतील ज्येष्ठांच्या कपाळावर आठी उमटते. नामाला ‘णे’ लावून क्रियापद कसे करता, हा त्यांचा आक्षेप वरकरणी व्याकरणाचा वाटतो. वस्तुतः तो अभिरुचीचा आहे. व्याकरणाला या प्रकाराचे कधीच वावडे नव्हते. नामापासून धातू सिद्ध करण्याची व्यवस्था पाणिनीनेच लावून दिली आहे. ‘पुत्रीयति’, ‘शब्दायते’ ही रूपे त्याच व्यवस्थेतील. परंपरेने त्यांना नामधातू म्हटले.

ही नाराजी केवळ आपलीच नव्हे. १७८९ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांनी कोशकार नोआ वेबस्टर यांना पत्र लिहून ‘नोटिस’, ‘अ‍ॅडव्होकेट’ आणि ‘प्रोग्रेस’ या नामांची क्रियापदे होत असल्याबद्दल तक्रार केली होती. आज त्यांपैकी एकही प्रयोग इंग्रजी वाचकाला खटकत नाही. पुढे २००६ मध्ये ‘गूगल’ हे क्रियापद ऑक्सफर्डच्या कोशात दाखल झाले.

मराठीपुरते पाहिले तर ‘हात’पासून हाताळणे, ‘लाथ’पासून लाथाडणे, ‘डोके’पासून डोकावणे आणि ‘पाणी’पासून पाणावणे झाले. येथे नामाला केवळ शेपूट जोडलेले नाही. अर्थही नेमका झाला आहे. पाणावतात ते डोळेच, शेत नव्हे. डोकावण्यात डोक्याबरोबर कुतूहलही आत शिरते. ‘दुःख देणे’ आणि ‘दुखावणे’ यांतील अंतर तर प्रत्येक संसारी माणूस जाणतो. परभाषेतून आलेल्या ‘बदल’ आणि ‘खर्च’ यांची बदलणे, खर्चणे अशी क्रियापदे झाली, तेव्हाच ते शब्द खऱ्या अर्थाने घरचे झाले.

म्हणून प्रत्येक नवे नामक्रियापद डोक्यावर घ्यावे असे मात्र नाही. ‘संपादणे’ म्हणजे मिळवणे. विश्वास संपादावा, विद्या संपादावी. ‘अंक संपादला’ असे कोणी लिहिले, तर संपादन केले की पदरात पाडून घेतला, हे कळेनासे होते. ‘पुस्तक प्रकाशले’ या वाक्यात पुस्तक छापून आले की उजळून निघाले? जुन्या अर्थाच्या मुळावर उठणारे रूप टाळावे. जुन्या शब्दांना न पेलणारे काही नेमके सांगणारे रूप राहू द्यावे. या कसोटीला ‘गूगलणे’ उतरते, कारण हरवलेली किल्ली आपण शोधतो, गूगलत नाही.

खरी चिंता निराळीच आहे. भाषाशुद्धीच्या चळवळीने रूढ केलेले दिनांक, क्रमांक, महापौर हे शब्द पाहा. ती सारी नामे आहेत. आपला पहारा नामांवर राहिला आणि क्रियापदे मागच्या दाराने निसटली. ‘सर्च केलं’, ‘इग्नोर केलं’, ‘मॅनेज केलं’ यांवर कोणी आठी घालत नाही, कारण ‘करणे’ मराठी आहे. परंतु अशा वाक्यात परका शब्द पाहुण्यासारखा अंग चोरून बसतो आणि सारा भार एकटे ‘करणे’ वाहते. ‘गूगललं’मध्ये मात्र त्याच शब्दाला मराठीचा काळ, वचन आणि लिंग पत्करावे लागते.

इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथील आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी टिकली ती बरीचशी नामांच्या रूपाने. पुरणपोळी शाबूत आहे, आत्या आणि मावशी शाबूत आहेत. निवळणे, ओशाळणे, हिरमुसणे मात्र नातवंडांच्या तोंडी क्वचितच येते. नामे भाषेचे देव्हारे सांभाळतात. तिचा रोजचा संसार क्रियापदे करतात.

म्हणून ‘गूगललं’ म्हणणाऱ्या मुलाला टोकण्यापूर्वी क्षणभर थांबावे. तो नकळत मराठीचा धातू चालवीत असतो. आपण हसलो, तर पुढच्या वेळी तो चूक सुधारणार नाही. तेच वाक्य हिंदीत वा इंग्रजीत बोलेल, आणि त्यात आपल्याला सुधारण्याजोगे काहीच उरणार नाही.