भांडागारिकाची जागा

रायपुरात तात्यापारा चौकातून शारदा चौक, जयस्तंभ असं करत घडी चौक गाठला की महंत घासीदास स्मारक संग्रहालय फार दूर राहत नाही. संस्था 1875ची. तिची मूळची अष्टकोनी इमारत आता महाकोशल कलावीथिका म्हणून ओळखली जाते. शहरातले चित्रकार तिथे प्रदर्शनं लावतात. लावतात ते स्वतःच. खिळे, दिवे, निमंत्रणपत्रिका, चहा, सगळं चित्रकारच बघतो. मधला माणूस नाही.

हा मधला माणूस, म्हणजे क्युरेटर, घडवण्याचे कार्यक्रम देशात आता बरेच झाले आहेत. मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची क्युरेटरशिपची पदविका आहे, दिल्लीत खोजची दक्षिण आशियातल्या तरुण क्युरेटरांसाठीची कार्यशाळा. कोचीच्या बिनालेने 2014 मध्ये स्टुडंट्स बिनाले सुरू केलं आणि पंधरा तरुण क्युरेटरांना सरकारी कलामहाविद्यालयांत धाडलं. यातलं मला सर्वांत पटलेलं हेच, कारण त्यात प्रवास होता. बाकी बहुतेक ठिकाणी होतकरू माणूस एक गोष्ट उत्तम शिकतो: संकल्पना-टिपण लिहायला. तेही इंग्रजीत. अर्ज, निवड, व्याख्यानं, शेवटी सामूहिक प्रदर्शन, फोटो. त्यानंतर तो पुढच्या फेलोशिपचा अर्ज भरायला मोकळा.

रायपूरच्या याच संग्रहालयात किरारी गावचा लाकडी स्तंभ आहे. 1921 मध्ये किरारीचं तळं आटलं तेव्हा शेतकऱ्यांनी तो गाळातून ओढून काढला. शतकानुशतकं पाण्यात टिकलेलं लाकूड उन्हात तडकलं, ढलपे उडाले, त्यांच्याबरोबर ब्राह्मी अक्षरंही गेली. आज त्या लेखाचा बराचसा मजकूर आपल्याला ठाऊक आहे तो गावातल्या एका पंडितामुळे. त्याला ती लिपी वाचता येत नव्हती. दिसलं तसं त्याने अक्षर न् अक्षर उतरवून ठेवलं. नव्या क्युरेटरला पहिल्या दिवशी काय शिकवावं, असं कुणी विचारलं तर मी त्याला या स्तंभापुढे उभं करीन. वस्तू हाती आली की आधी तिची अवस्था टिपायची. अर्थ नंतर लावता येतो.

वस्तूपाशी स्वतः पोचण्याचं म्हणाल तर मराठी वाचकाला चित्रकार भास्कर कुलकर्णी आठवतील. 1966-67च्या दुष्काळात हस्तकला मंडळाने त्यांना कागद देऊन मधुबनीला पाठवलं. पुढे डहाणूकडच्या वारली चित्रांसाठी त्यांनी तसेच पाय झिजवले. भोपाळच्या भारत भवनात जगदीश स्वामीनाथन यांनीही 1982च्या सुमारास चित्रकला शिकणाऱ्या पोरांना खेडोपाडी पिटाळलं. सरगुजातल्या पुहपुटरा गावी सोनाबाई रजवार यांचं मातीच्या जाळ्यांनी, पाखरांनी भरलेलं घर बाहेरच्या जगाला कळलं ते याच मोहिमेतून. 1998 मध्ये ज्योतींद्र जैन यांनी दिल्लीच्या क्राफ्ट्स म्युझियममध्ये सोनाबाईंना जिव्या सोमा मशे आणि जनगढसिंह श्याम या चित्रकारांच्या रांगेत बसवलं. गावापासून तिथवर पंधराएक वर्षं गेली. कोणत्याही कार्यक्रमाच्या वेळापत्रकात एवढी वर्षं बसत नाहीत हे खरं, पण निदान एक पावसाळा तरी बसावा. मातीच्या भिंतीचं काय होतं ते पावसाळ्यातच कळतं.

म्हणून कार्यक्रम चालवणाऱ्यांशी माझं भांडण पाहुण्या वक्त्यांच्या यादीवरून नाही, अंदाजपत्रकावरून आहे. मानधन किती महिने? साठवणखोलीची किल्ली किती दिवस हातात? वाहतूक आणि विमा शिकाऊ माणसाने स्वतः ठरवायचा की कार्यालयाने परस्पर उरकायचा? चूक झाली तर निस्तरायला जोडीला कोण? कुलकर्णींजवळ क्युरेटरशिपची पदविका नव्हती, पाठीशी मंडळ होतं.

रायपूरची गोष्ट तर हातातोंडाशी आलेली. खैरागढला 1956 पासून इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे, तिथे चित्र-शिल्प शिकलेली मुलं आहेत. इकडे सिरपूरची कांस्यशिल्पं आहेत, रिकाम्या भिंतींची अष्टकोनी कलावीथिका आहे. वर्षाला दोघांनाच घ्या: सहा महिने नोंदवह्या आणि भांडार, मग वीथिकेत एक प्रदर्शन, लेबलं हिंदी आणि छत्तीसगढीत. तात्यापाऱ्यातल्या एखाद्या आजीने ती वाचून नाक मुरडलं तरी चालेल, वाचली तर खरी.

किरारीच्या स्तंभावर राजाच्या अधिकाऱ्यांची हुद्देवार यादी आहे. नगररक्षक, सेनापती, प्रतिहार, गणक आणि त्यांच्याच पंक्तीला भांडागारिक, म्हणजे भांडार सांभाळणारा. नावानिशी.